ती मांजराची पाटी

आज जेवणं झाल्यावर घरी आलेल्या एका नातेवाइकांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "एवढं होत होतं तर ते जर्मनीतले ज्यू आधीच पळून का नाही गेले?" विचारलं कसलं, निकालच दिला. वयानं मोठे, त्यात पाहुणे. मी गप्प बसले. आता साडेअकरा वाजलेत, झोप येत नाहीये.

दोन वर्षांपूर्वी लेकीबरोबर बर्लिनला गेले होते. शोनेबर्ग भागात दिव्यांच्या खांबांवर ऐंशी पाट्या आहेत. एका बाजूला साधं चित्र, दुसऱ्या बाजूला नाझी राजवटीतला एखादा नियम, तारखेसकट. एका पाटीवर मांजर होतं. लेक हरखली, घरी आमची मनी आहे ना! मागे लिहिलेलं : ज्यूंना यापुढे पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत. १५ मे १९४२.

"आई, मांजरानं काय केलं होतं?"

पळायचं म्हणजे नेमकं कधी हो? ड्रेस्डेनचे प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर घ्या. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेला माणूस. १९३५ मध्ये नोकरी गेली. १९३६ मध्ये ग्रंथालयाची वाचनखोली बंद. १९३८ मध्ये गाडीचा परवाना. १९४० मध्ये राहतं घर. आणि १९४२ मध्ये त्यांचा बोका, मुशेल. दुसऱ्या कुणाला सांभाळायला द्यायचीही परवानगी नव्हती. बायकोनं त्याला डॉक्टरकडे नेऊन मरण दिलं. दर वेळी वाटलं असेल, आता आणखी काय नेतील?

बरं, गेले नाहीत असंही नाही. निम्म्याहून जास्त जर्मन ज्यू युद्धाआधी देश सोडून गेले, हे मान्य. पण उरलेल्यांनी जायचं कुठे? जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला बत्तीस देश जमले, हळहळले, आणि बहुतेकांनी दारं लावून घेतली!

आणि फक्त ज्यूच का? १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकआधी शहर 'स्वच्छ' दिसावं म्हणून रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत) कुटुंबांना उचलून मार्झानच्या छावणीत टाकलं. अपंग आणि मनोरुग्णांना तर डॉक्टरांच्याच सहीनं मारलं, ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांवर. त्यांनी कुठे पळायचं होतं? खाटेवरून?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. काका वाईट नाहीत. त्यांनी ती पाटी पाहिलेली नाही, एवढंच. मनी आत्ता माझ्या पायाशी झोपलीये. मुशेलला टोपलीत घालून त्या बाई रस्त्यानं चालल्या असतील, तो ओरडत असेल.

फोटो अजून फोनमध्ये आहे. सकाळी चहाला बसले की काकांना दाखवते.