टेप करा, वाटा, पण विकू नका

कोड लिहिताना कानात काय चालू असतं, असं बरेच जण विचारतात. उत्तर आहे जॅम बँड्स. ग्रेटफुल डेड सगळ्यात जास्त, त्याखालोखाल फिश. पण आज मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या चाहत्यांबद्दल लिहायचंय. वेब डेव्हलपर म्हणून मी ज्यांना मनापासून गुरू मानतो, ती ही माणसं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाण्याचा सांगाडा ठरलेला असतो, मधलं सगळं स्टेजवर एकमेकांचं ऐकत सुचत जातं. तेच गाणं आज आठ मिनिटांत संपेल, पुढच्या आठवड्यात पंचवीस मिनिटं चालेल. ग्रेटफुल डेड १९६५ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोला सुरू झाला आणि १९९५ मध्ये त्यांचा गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया गेला तोवर त्यांचे २,३०० च्या आसपास कार्यक्रम झाले. एकासारखा दुसरा नाही. बैठकीला जाणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कालच यमन ऐकला, आज परत कशाला, असं आपण कधी म्हणतो का?

प्रत्येक कार्यक्रम वेगळा, म्हणजे प्रत्येक कार्यक्रम जपायला हवा. म्हणून लोक माइक आणि टेप डेक घेऊन जायला लागले. असल्या लोकांना दारातूनच परत पाठवायची तेव्हा सगळीकडे रीत होती. डेडने १९८४ मध्ये त्यांना साउंडबोर्डच्या, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्या यंत्राच्या मागे हक्काची जागा दिली, वेगळी तिकिटं दिली. अट एकच: वाटा, पण विकू नका. मग असं व्हायचं की तुम्ही कोऱ्या कॅसेट आणि परतीचं पोस्टेज पाठवायचं, आणि कुणी अनोळखी माणूस स्वतःच्या रात्री खर्च करून तुम्हाला अख्खा कार्यक्रम उतरवून पाठवायचा. सोबत सगळा तपशील यायचा. तारीख, हॉल, माइक कुठले, डेक कुठला, आणि ही कितवी कॉपी. कॅसेटवरून कॅसेट केली की दर वेळी खरखर वाढते, त्यामुळे कितवी कॉपी हे प्रामाणिकपणे सांगणं फार महत्त्वाचं होतं.

१९९८ च्या सुमारास ई-ट्री नावाचा गट उभा राहिला आणि हाच व्यवहार इंटरनेटवर आला. आवाज दाबून फाइल लहान करणारं एमपीथ्री चालणार नाही, आवाजातला एक बिटही गमवायचा नाही, हा नियम. आधी शॉर्टन फॉरमॅट होता, पुढे फ्लॅक आला; दोन्ही आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करतात. प्रत्येक फोल्डरमध्ये एमडीफाइव्ह चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा, फाइल वाटेत खराब झाली की लगेच कळणार. शिवाय एक साधी टेक्स्ट फाइल, तिच्यात माइकपासून हार्ड डिस्कपर्यंतचा सगळा प्रवास ओळीने लिहिलेला. २००२ मध्ये यातूनच इंटरनेट अर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयात लाइव्ह म्युझिक अर्काइव्ह सुरू झालं. आज तिथे दोन लाखांहून जास्त ध्वनिमुद्रणं आहेत, एकट्या डेडची दहा हजारांच्या वर. तीही परवानगी देणाऱ्या बँड्सचीच.

आता माझं मत. ओपन सोर्स (सगळ्यांना खुला कोड) आणि व्हर्जन हिस्टरी (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) या आमच्या क्षेत्राच्या देणग्या आहेत असं आम्ही अभिमानाने सांगतो. पण हौसेखातर, एक पैसा न घेता, वर्षानुवर्षं ही शिस्त पाळून दाखवली ती या टेपवाल्यांनी. पगार घेऊन लिहिलेल्या कोडच्या साठ्यात बदलाची नोंद, म्हणजे कमिट मेसेज, म्हणून नुसतं 'फिक्स' लिहिलेलं दिसलं की मला त्या टेक्स्ट फाइली आठवतात. आणि हे नातं मी ओढूनताणून जोडत नाहीये. डेडची कितीतरी गाणी लिहिणारे जॉन पेरी बार्लो यांनीच १९९० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची स्थापना केली, अर्थात आणखी दोघांना बरोबर घेऊन. इंटरनेटवरच्या माणसाच्या स्वातंत्र्यासाठी ती संस्था आजही कोर्टात भांडते.

या संग्रहासाठी मी एक छोटा प्लेअर लिहितोय. अर्काइव्हचा एपीआय, म्हणजे प्रोग्रामला माहिती देणारा दरवाजा, मोकळा आहे, कार्यक्रमाचा आयडी दिला की सगळी माहिती जेसन या प्रोग्रामला वाचता येणाऱ्या मांडणीत मिळते, ते काम एका बैठकीत होतं. खरी मजा पुढे आहे. ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. त्या रात्री 'स्कार्लेट बिगोनियाज' मधून 'फायर ऑन द माउंटन' मध्ये बँड असा शिरतो की सांधा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही. चाहते सेटलिस्टमध्ये अशा दोन गाण्यांमध्ये एक बाण काढतात. फाइली मात्र दोन. ब्राउझरच्या साध्या ऑडिओ टॅगने (वेबपानावर आवाज वाजवायची नेहमीची सोय) एकामागोमाग लावल्या की मध्ये पाव-अर्धा सेकंद शांतता येते आणि त्या सांध्याचाच जीव जातो. शिवाय एमपीथ्री करताना ते बनवणारा प्रोग्राम, म्हणजे एन्कोडर, फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता भरतो, ती वेगळीच.

उपाय आहे वेब ऑडिओ, ब्राउझरमधलीच आवाजावर बारीक ताबा देणारी सोय. पुढचा ट्रॅक आधीच डीकोड करून, म्हणजे फाइलमधून आवाज उलगडून ठेवायचा आणि पहिला जिथे संपतो नेमक्या त्या सॅम्पलला (आवाजाच्या अगदी बारीक कणाला) दुसरा सुरू करायचा. पण २५ मिनिटांचा स्टिरिओ ट्रॅक मेमरीत उलगडला की ५०० एमबीच्या वर जातो, मोबाइल गुडघे टेकतो. म्हणून फ्लॅकचे तुकडे करून पुढचे पुढचे डीकोड करत, वाजून झालेले सोडून देत जायचं. याच संग्रहातलं संगीत वाजवणारा रिलिसन हा प्लेअर ओपन सोर्स आहे, या कामात रस असेल तर त्याचा कोड जरूर वाचा. ज्या रात्री माझ्या प्लेअरमध्ये तो सांधा अखंड वाजला, त्या रात्री मला झोप आली नाही.

फिशवाल्यांचीही हीच परंपरा. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी १३ रात्री मिळून २३७ गाणी वाजवली, एकही परत न घेता. कुठलं गाणं कधी आणि कशानंतर वाजलं याचा हिशेब चाहते ठेवतात, आणि तोही सगळ्यांना खुला.

यात आपलंही कुणी आहे. डेडचा ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडून तालाचे हिशेब शिकला. पुढे मुंबईत जन्मलेले त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन आणि हार्ट यांनी मिळून १९७६ मध्ये 'दिगा' हा अल्बम केला, त्यात गार्सियाही वाजवतो. १९९१ च्या 'प्लॅनेट ड्रम'ला तर ग्रॅमी मिळालं.

आणि म्हणूनच आपल्याकडचं चित्र बघून मला फार वाईट वाटतं. महाराष्ट्रात गावोगावच्या खाजगी मैफलींच्या स्पूल (मोठ्या रिळांवरच्या टेप) आणि कॅसेट लोकांच्या कपाटांत पडून आहेत. दर पावसाळ्यात बुरशी चढते. काही संग्राहक प्राणपणाने जपतात, पण ऐकवत कुणालाच नाहीत. जे यूट्यूबवर चढतं त्यावर ना तारीख, ना गाव, ना तबल्यावर कोण होतं ते, आणि आवाज चार वेळा दाबून चपटा झालेला. कलाकाराची किंवा घरच्यांची परवानगी हवीच, डेडचा सगळा डोलारा परवानगीवरच उभा आहे. पण परवानगी मागायला तरी कुणी जातं का? अनेक घराण्यांतली आजची पिढी आनंदाने हो म्हणेल, असं मला वाटतं.

तर, तुमच्या घरात आजोबांनी, काकांनी टेप केलेली मैफल असेल तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला. त्यांना जे आठवतंय ते आजच लिहून काढा: साल, जागा, साथीला कोण, टेपरेकॉर्डर कुठला, ही मूळ टेप की कॉपी. पुण्यात असाल तर माझ्याकडे चालू स्थितीतला कॅसेट डेक आणि चांगला ऑडिओ इंटरफेस आहे. फ्लॅक आणि चेकसम करून टेप आणि फाइली दोन्ही तुमच्या हातात देईन, पैसे घेणार नाही. स्पूलचं यंत्र मात्र माझ्याकडे नाही. कुणाकडे चालू असेल तर कमेंटमध्ये सांगा.