काका, पार्ट टाइममधून फी निघत नाही

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. इथं सोलापुरात आमच्या गल्लीतले काका सकाळी घराचे कागद घेऊन आले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलंय. मुलीला मास्टर्सला इंग्लंडला पाठवायचंय, त्यासाठी घर तारण ठेवायचंय. सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात एजंटाचा सेमिनार झाला. पोरगी आठवड्याला २० तास काम करेल, फी त्यातूनच निघेल, असं सांगितलं त्यांना. वर कर्मवीर अण्णांचं नाव घेतलं! म्हणे, 'कमवा आणि शिका'!

अहो, अण्णांनी गोरगरिबांच्या पोरांना वसतिगृहात ठेवलं, राबणाऱ्या हातांना शिकवलं. इथं विद्यापीठ पोरीकडून पंधरा-वीस हजार पौंड घेणार आणि त्यातलं कमिशन या एजंटाला मिळणार. कुणाचं नाव कुठं लावताय?

माझा भाचा तिथं शिकून आलाय, म्हणून हिशेब तोंडपाठ आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये २१ वर्षं आणि त्यावरच्यांना ताशी किमान वेतन १२.२१ पौंड झालं. सत्र चालू असताना व्हिसावर आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही. त्या २० तासांचे आठवड्याला २४४, महिन्याला जेमतेम साडेदहाशे. आणि व्हिसासाठी तिथलं सरकारच लंडनबाहेर राहण्या-खाण्याला महिना अकराशेच्या वर धरतं. म्हणजे सगळे तास मिळाले तरी पोटालाच पुरत नाही. फी कुठून भरणार? सुट्टीत जास्त काम करता येतं, मान्य. पण एका वर्षाच्या मास्टर्सचा उन्हाळा प्रबंधात जातो आणि व्हिसाच्या हिशेबात तो साधारण सत्रातच धरतात.

त्यात २० तास मिळतात तरी कुठं? भाचा एजन्सीमार्फत गोदामात जायचा. किती तास देऊ याची कसलीच हमी नाही. संध्याकाळी मेसेज आला तर रात्रपाळी, नाहीतर घरी बसा. "मावशी, या आठवड्यात शिफ्टच नाही गं," म्हणायचा. अशा आठवड्यांत आईनं दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढून खायचा पोरगा. इथं मात्र त्याच्या शिक्षणाच्या कर्जाचं व्याज एक दिवस थांबत नव्हतं.

पुढे एका हॉटेलच्या किचनमध्ये लागला. व्हिडिओ कॉलवर उजवा हात सारखा खाली ठेवायचा. ताई ओरडली तेव्हा दाखवला. फ्रायरच्या तेलानं मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले होते. त्याच महिन्यात मालक म्हणाला, जास्त तास कर, कमी दरानं रोख घे. मालक आपल्याच देशातला! २० च्या वर गेलं की व्हिसाची अट मोडते, आणि पैसे बुडवले तर तक्रार कुठल्या तोंडानं करायची? भाच्यानं नाही म्हणून सांगितलं आणि काम सोडलं. मला त्या पोराचा फार अभिमान आहे.

आणि हो, "तिकडं भांडी घासायचा ना?" असं लग्नकार्यात विचारणाऱ्यांनी ऐका. घासायचा. बायकांनी विड्या वळून आणि टॉवेलला शिलाई मारून पोरं इंजिनिअर केली ते हे सोलापूर. इथं कामाची लाज कुणी कुणाला शिकवू नये. कामानं तो धीट झाला, बोलायला शिकला, किराणा-बसपासचं तोच बघायचा, हेही खरं. माझा राग कामावर नाहीच. त्या कामाच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाला घर गहाण टाकायला लावणाऱ्यावर आहे.

काकांची पोरगी हुशार आहे. जाऊ दे की तिला! शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरू, आणखी एक वर्ष थांबू, जर्मनीची सरकारी विद्यापीठं बघू. तिथं बऱ्याच ठिकाणी फी नसल्यात जमा आहे, फक्त राहण्याखाण्याचे पैसे आधी खात्यात दाखवावे लागतात.

काकांनी अजून सही केलेली नाही. तुमची मुलं इंग्लंडमध्ये शिकत असतील तर इनबॉक्समध्ये सांगा. रविवारी दुपारी काकांना आणि तिला माझ्याकडे बोलावलंय, त्यांच्याशी फोनवर बोला. खरं काय ते सांगा, पगाराच्या स्लिपसकट.