पोरं नाचणारच, गुरुजी

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार. युवक महोत्सवाच्या तालमींवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तिच्यात राग आहे आणि लेकरांची काळजीही आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. तुम्ही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालात, मी अजून कॉलेजात शिकवतो. आपली पोरं तीच आहेत.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मराठवाड्यात पाण्याची बोंब, हाताला काम नाही, कोरडवाहू शेतीवर घर चालत नाही. पोरांना वर यायला नीट-जेईई, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा एवढाच रस्ता उरलाय, आणि अशात प्राध्यापकांनीच त्यांना नाचगाण्याच्या नादी लावणं ही आईबापांच्या कष्टाशी बेइमानी आहे. हा पहिला मुद्दा. दुसरा डीजेचा: "गल्लोगल्ली पोरं पिऊन नाचायलेत आणि तुम्ही कौतुक करायलेत." तिसरा असा की तुमच्या काळी भजन-कीर्तन होतं, त्यातून संस्कार घडायचे; आजच्या नाचातून काय घडतं?

आधी डीजेचं बोलू. आवाजाबद्दल तुमचं एक अक्षरही चूक नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. मिरवणूक गल्लीत शिरली की यातलं काय पाळलं जातं, ते तुम्हीही बघता, मीही बघतो. घरात हृदयविकाराचं माणूस असेल तर त्या रात्री काय होतं, हे मी माझ्या घरात अनुभवलंय. तिथं मला कसलीही बाजू घ्यायची नाही.

पण पुढच्या वेळी त्या मिरवणुकीकडे जरा थांबून बघा. ट्रॉलीवर स्पीकरची भिंत, मागे जनरेटर, वर एक ऑपरेटर. समोर शंभर-दीडशे पोरं. त्यातल्या एकाच्याही हातात वाद्य नाही, गाण्याचं अख्खं कडवं बहुतेकांना येत नाही. पाय टाकायला जागा नाही, म्हणून हात वर करून जागच्या जागी उड्या. शेजारचा काय बोलला ते ऐकू येत नाही. मुली गच्चीवर. वर्गणी सगळ्या गल्लीची, वाजवणारं मात्र एक यंत्र. ज्या पोरांना नाचायची एवढी ओढ आहे, त्यांना आपण उभ्या वर्षात नाचायला दिलेली ही एकमेव जागा आहे. शाळेचं लेझीम गेलं. पंचमीचे फेर अनेक गावांत बंद पडले. भजनी मंडळात पन्नाशीच्या आतला माणूस सापडत नाही. हे सगळं काढून घेतल्यावर पोरं ट्रॉलीमागे गेली, तर दोष एकट्या पोरांना कसा द्यायचा?

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, गुरुजी: पोरं नाचणारच आणि गाणारच, ते वयच तसं आहे. त्यांनी ते स्वतःच्या गळ्यानं, स्वतःच्या हातानं, दुसऱ्याच्या सोबतीनं करावं, की कुणीतरी बटण दाबावं आणि यांनी हलावं, एवढंच आपल्या हातात आहे.

आमच्या तालमीत काय चालतं ते सांगतो. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात भारूड, पोवाडा, जलसा, लोकनृत्य असे प्रकार असतात. मागच्या वेळी आमच्या पोरांनी गोंधळ बसवायला घेतला होता. शिकवायला तालुक्याच्या गावातले एक वयस्क गोंधळी यायचे. परभणी भागात गोंधळाला मोठा वारसा आहे, राजाराम कदमांसारख्या कलावंतांनी तो देवीच्या चौकातून मोठ्या मंचावर नेला. आमच्या या गुरूंनी पहिले कित्येक दिवस संबळाला कुणाला हातच लावू दिला नाही. नुसत्या टाळ्या. लय धरता येत नाही तोवर वाद्य नाही. मग एकाच्या कमरेला संबळ बांधलं आणि हातात दोन काड्या दिल्या. त्यातल्या एकीचं टोक वाकडं असतं. सरळ काडीचा हात बसायला वेळ लागला नाही, वाकडीनं मात्र पोराला घाम फोडला. कातडं घुमायच्या ऐवजी नुसतं खट् वाजायचं. गुरू म्हणायचे, "मारू नको, सोड." पोराला त्याचा अर्थ कळायला बरेच दिवस गेले. कळला त्या दिवशी सगळा हॉल एकदम वर बघायला लागला.

त्याहून अवघड काम झीलकऱ्यांचं. मुख्य गोंधळी कथा लावत जातो, त्याचा दम संपतो तिथं मागच्यानं ओळ उचलायची. आधी उचलली तर त्याची कथा तुटते, उशिरा उचलली तर तो उघडा पडतो. झील धरायला जो पोरगा होता, तो माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसून मोबाईल बघणारा. दुसरा माणूस श्वास कधी घेतो इकडे इतकं बारीक लक्ष द्यायला त्याला मी चार वर्षांत शिकवू शकलो नसतो. याला तुम्ही वेळ वाया घालवणं म्हणता का?

अभ्यासाचंही स्पष्ट सांगतो. गाण्यानं गणित सुधारतं, नाचल्यानं मार्क वाढतात, असं सांगून मी नाचाची वकिली करणार नाही. नीटच्या ७२० गुणांत संबळाला एक गुण नाही. शासन दहावीला शास्त्रीय आणि लोककलांसाठी वाढीव गुण देतं ते चांगलंच, पण त्या गुणांसाठीच पेटीपुढे बसवलेलं लेकरू परीक्षा झाली की पेटी मिटतं. अभ्यास पाहिजेच. तालीम संध्याकाळी दीड-दोन तास असते, परीक्षेच्या दिवसांत नसतेच.

पण तुम्ही लातूरला, संभाजीनगरला, नांदेडला क्लासच्या भागात संध्याकाळी एक चक्कर मारा. पंधरा-सोळा वर्षांची लेकरं घर सोडून एका खोलीत दोघं-तिघं राहतात. सकाळी क्लास, दुपारी टेस्ट, रात्री अभ्यासिका. जागतिक आरोग्य संघटना १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंग हलवायला सांगते. यांचं अंग खोली ते क्लास एवढंच हलतं. आणि गाणं तर ती ऐकतातच. कानात इअरफोन घालून, एकट्यानं, रात्री उशिरापर्यंत. म्हणजे गाणं सुटलेलं नाही, फक्त सोबत सुटली. कमी मार्क पडलेल्या दिवशी या पोराला चार जणांत जाऊन बसायला काय कारण आहे? ज्याला तालीम आहे, त्याला त्या दिवशीही जावं लागतं, कारण त्याच्याशिवाय ओळ अडते. मला हे फार मोठं वाटतं. वर्गातल्या शेवटच्या नंबराच्या पोराचीही कुणीतरी वाट बघतंय, अशी जागा आपल्या शिक्षणात दुसरी कुठं आहे?

आता संस्कारांचं. भजन-कीर्तन तुम्ही एका बाजूला ठेवता आणि नाच दुसऱ्या बाजूला, ते मला पटत नाही. नरसीच्या नामदेवांनी कीर्तनात नाचण्याची गोष्ट अभिमानानं सांगितली आहे. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं लिहिली, ती सोंग घेऊन, नाचून, लोकांना हसवत करायची होती. बसून वाचायची नव्हती. वारीत टाळ घेऊन पावली खेळणारी पोरं बघा, दोन पुढे, एक मागे, उडी, गिरकी, आणि टाळ सगळ्यांचा एकाच क्षणी. तो नाच नाही तर काय आहे?

आणि आपल्या भागाचा इतिहासही जरा आठवावा. १९३८ साली निजामाच्या राज्यात विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणायचं नाही असा हुकूम निघाला. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातली आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातली पोरं ऐकेनात. वसतिगृहांतून, कॉलेजांतून त्यांना काढलं. पुष्कळांनी नागपूर विद्यापीठात जाऊन शिक्षण पुरं केलं, त्यांच्यात पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. त्या पोरांच्या बापांनाही वाटलं असणार की कॉलेज सोडून हे गाण्याच्या काय मागे लागलेत. मराठवाडा मुक्त व्हायला पुढे १९४८ चा १७ सप्टेंबर उजाडावा लागला, पण विशीच्या आतली पोरं एकत्र उभी राहिली होती ती एका गाण्यासाठी.

आंबेडकरी जलशांचंही तेच. ज्यांना गावात सभा घ्यायला जागा मिळत नव्हती, त्यांनी ढोलकी आणि पेटी घेऊन वस्तीतच फड मांडला. लोककवी वामनदादा कर्डक गावोगाव गात हिंडले. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, आणि तिथं शिकायला जायची हिंमत कितीतरी घरांत आधी गाण्यातून पोचली होती.

जुन्याची एक बाजू मात्र तुमच्या प्रतिक्रियेत आली नाही, ती आली पाहिजे. गावची हलगी कोण वाजवायचं? पोतराज कोणाचं लेकरू व्हायचं? मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे आणि पंगतीत सगळ्यांच्या मागे, असा तो मान होता. अनेक घरांनी ते काम ठरवून सोडलं, आणि बरोबर केलं. म्हणून 'जुनं परत आणा' असं मी म्हणत नाही. आमच्या हॉलमध्ये हलगी पाटलाचा पोरगा शिकतो, मातंग समाजाचा पोरगा पोवाडा रचतो, आणि दोघंही ते हौसेनं करतात, कुणी जातीनं वाटून दिलं म्हणून नाही. असं चित्र तुमच्या काळी नव्हतं, माझ्याही विद्यार्थीदशेत नव्हतं.

आणि मुली. तुमच्या प्रतिक्रियेत सगळीकडे 'पोरं' आहेत. डीजेपुढे मुली नसतात, भजनी मंडळात बहुतेक गावांत त्यांना बसू देत नाहीत, पंचमीला माहेरी आलेल्या लेकींचा झोका आणि फेर आता दोन दिवसांवर आलाय. राहतं ते शाळा-कॉलेजचं गॅदरिंग. तिथंही दरवर्षी कुणाचा तरी बाप येऊन सांगतो, "आमच्या घरातल्या पोरी नाचत नसतेत." मग ती मुलगी तालमीच्या वेळी दाराशी उभी राहते, पायानं ताल धरते आणि कुणी बघितलं की थांबते.

आमच्याकडे एक मुलगी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून यायची. वर्गात हजेरीच्या वेळी 'हजर' सुद्धा पुटपुटायची. लोकनृत्य बसवताना बाकीच्या मुली मोबाईलवर कुठला तरी नाच बघून पावलं उचलत होत्या, काही केल्या जमेना. ही उठली आणि म्हणाली, "सर, आमच्यात तीजला असं नाचतेत, दाखवू का?" तीज हा बंजाऱ्यांचा श्रावणातला सण. डोक्यावरच्या टोपलीतले गव्हाचे अंकुर हलू न देता वाकायचं कसं, वळताना टाच कुठं टेकायची, हे तिनं एकेकीला धरून दाखवलं. नाच तिचा, आणि शिकवणारीही तीच. त्या श्रावणात तिच्या वर्गातल्या चौघी-पाच जणी तीज बघायला तांड्यावर गेल्या. त्यांच्या गावापासून तांडा चालत जायच्या अंतरावर आहे, तरी त्यातली एकही आधी तिथं गेलेली नव्हती.

रीलचा मुद्दा तुम्ही ओझरता काढलात, मीही ओझरतंच बोलतो. रील बघणारी पोरं मला खटकतात, करणारी तेवढी नाहीत. निदान ती पावलं तरी पाठ करतात.

२०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगतं की कला आणि अभ्यास यांच्यात भिंत नको. कागदावर छान आहे. पण माझ्या ओळखीतल्या जिल्हा परिषद शाळांत संगीताचा शिक्षक नाही. पेटी असते, कार्यालयाच्या कपाटात, कुलपात, भाता उंदरानं कुरतडलेला.

तेव्हा माझं एक मागणं आहे. गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. डीजे बंद करा म्हणून तुम्ही तहसीलदारांना निवेदन दिलंत, फार चांगलं केलंत. त्याच्या जोडीनं गावच्या भजनी मंडळाला सांगा की आठवड्यातून एक संध्याकाळ आठवी ते बारावीच्या मुलामुलींना द्या. पखवाज आहे, टाळ आहेत, शिकवणारे हात अजून आहेत. मुलींनाही बसू द्या, हे तुम्ही म्हणालात तर कुणी मोडता घालणार नाही. शाळेची पेटी दुरुस्त करायचा खर्च मी आणि आमच्या कॉलेजातले दोघं-तिघं मिळून उचलतो. गणपतीच्या आधी दीड महिना लेझीम आणि हलगीचा सराव लावायचा असेल तर आमची पोरं दर रविवारी तुमच्या गावी येतील; जाण्यायेण्याचं आमचं आम्ही बघू, तुम्ही फक्त शाळेचं मैदान मिळवून द्या.

मंडळातले कोण तयार होतात आणि कोणता वार जमतो, तेवढं कळवा.

आपला नम्र