तीस सेकंद फ्री असतात म्हणे!

परवा ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला. "यूट्यूबर मित्रांनो, कॉपीराइटला घाबरू नका" अशी सुरुवात, मधे मुद्दे, शेवटी हात जोडलेले आणि "जास्तीत जास्त शेअर करा". ज्यांनी पाठवला ते काका चांगले आहेत, मनापासून मदत म्हणूनच पाठवला असणार, पण त्यावर पंधरा जणांनी "थँक्यू काका, खूप उपयोगी" लिहिलं तेव्हा मला राहवलं नाही. म्हणून हे टाईप करत बसलोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी, फॉरवर्डमध्ये म्हटलंय असं: ३० सेकंदांपेक्षा कमी गाणं वापरलं तर फ्री. डिस्क्रिप्शनमध्ये क्रेडिट दिलं की फ्री. पिच, म्हणजे सूर, थोडा वर-खाली केला की कुणाला कळत नाही. आरत्या, अभंग, लोकगीतं ही देवाची आणि लोकांची, म्हणून फ्री. "नो कॉपीराइट" किंवा "रॉयल्टी फ्री" सर्च करून जे येईल ते फ्री. चॅनलला पैसे येत नसतील तर काहीही फ्री. आणि इन्स्टावर जे ट्रेंडिंग आहे ते तर सगळीकडेच फ्री.

मी किल्ल्यांचे व्हिडिओ करतो आणि पोटासाठी लग्नांचं एडिटिंग करतो, त्यामुळे यातल्या जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर माझं एकदा तरी डोकं आपटलंय.

सेकंदांचं आधी घेऊ. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांचा हिशोब कुठेच नाही. ना ३०, ना १०, ना ७. कलम ५२ मध्ये फेअर डीलिंगची, म्हणजे मालकाला न विचारता वापरायची, सूट आहे, ती खाजगी वापर, अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींची बातमी असल्या कामांसाठी. म्हणजे तुम्ही एखाद्या गाण्यावरच बोलताय, त्याची चाल कशी बांधलीय ते दाखवताय आणि त्यासाठी तुकडा वाजवताय, तर निदान मांडायला बाजू तरी आहे. पण राजगडाच्या ड्रोन शॉटखाली भारी वाटतं म्हणून लावलेलं गाणं म्हणजे समीक्षा नव्हे हो. ही अफवा कुठून आली असेल याचा मी विचार केला, तर यूट्यूबने २०१९ मध्ये एक नियम केला होता की गाण्याचा अगदी काही सेकंदांचा तुकडा असेल किंवा मागे कुठेतरी चुकून वाजत असेल, तर मालकाला हाताने क्लेम, म्हणजे "हे गाणं माझं" असा दावा, टाकून त्या व्हिडिओची कमाई घेता येणार नाही. पण तो फक्त हाताने टाकलेल्या क्लेमपुरता आहे, आणि तसाही मालक व्हिडिओ ब्लॉक करू शकतोच. कंटेंट आयडी म्हणजे ती आपोआप ओळखणारी सिस्टीम, तिला हा नियम लागू नाही.

आता क्रेडिट. "सर्व हक्क मूळ मालकाकडे, नो इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड" असं लिहिणं म्हणजे दुसऱ्याची बाईक न विचारता नेऊन टाकीवर चिठ्ठी लावणं की बाईक अमक्याची आहे. मालक कोण ते तुम्हाला माहीत होतं एवढंच त्यातून सिद्ध होतं. क्रेडिटने काम होतं, पण कधी, तर मालकानेच "क्रेडिट द्या आणि वापरा" असं आधी म्हटलेलं असेल तेव्हा. केविन मॅक्लाउड या संगीतकाराची इन्कॉम्पेटेक नावाची साइट आहे बघा, त्याच्या ट्यून तुम्ही शंभर व्हिडिओंत ऐकल्या असतील, त्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी, म्हणजे मालकाने काही अटींवर सगळ्यांना आधीच दिलेली परवानगी) सीसी बाय लायसन्सवर आहेत, त्याने सांगितलंय तसं क्रेडिट लिहा, खुशाल वापरा, कमाईही करा. पण सीसी दिसलं की झालं असंही नाही. पुढे एनसी असेल तर कमर्शियल वापर नाही. आणि एनडी असेल तर बदल करायचा नाही, यात मी स्वतः फसलो होतो, मला वाटलं मी गाण्याला हातच लावत नाहीये, जसंच्या तसं लावतोय. तर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या हिशोबात गाणं चित्रावर बसवणं हाच बदल आहे. एनडीवालं गाणं व्हिडिओला चालतच नाही.

पिच बदलण्याबद्दल काय बोलणार. बऱ्याचदा सिस्टीमला कळतंच, आणि नाही कळलं तरी हक्क ज्याचा त्याचाच राहतो, फक्त तुमचा व्हिडिओ खारीने गायल्यासारखा वाटतो.

आरत्या-अभंगांचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि तेच जास्त फसवतं. एका गाण्यात हक्कांचे थर असतात: शब्द, चाल आणि ते रेकॉर्डिंग. शब्दांचा आणि चालीचा हक्क आपल्याकडे करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९६० मध्ये आलेली रेकॉर्ड २०२० संपेपर्यंत बांधलेली होती. आता सुखकर्ता दुखहर्ता घ्या, समर्थांची म्हणतात, सतराव्या शतकातली, शब्दांवर कुणाचा हक्क नाही. तुम्ही घरी टाळ घेऊन पारंपरिक चालीत म्हटली तर ती तुमची. पण कॅसेट कंपनीने रेकॉर्ड केलेली, मागे व्हायोलिनचा ताफा असलेली आरती उचलली, तर ते रेकॉर्डिंग कंपनीचं आहे, समर्थांचं नाही. अभंगांतही तसंच. तुकोबांचे शब्द मोकळे, पण श्रीनिवास खळ्यांनी दिलेली चाल मोकळी नाही. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०७१ संपेपर्यंत राखीव, तुम्ही स्वतःच्या आवाजात गायलात तरी.

आणि सगळ्यात मजा म्हणजे "आधी बीज एकले". किती जणांना तो तुकोबांचा अभंग वाटतो! मलाही वाटायचा, कीर्तनातसुद्धा ऐकलाय मी तसा. तो लिहिलाय शांताराम आठवल्यांनी, प्रभातच्या १९३६ च्या संत तुकाराम सिनेमासाठी. आठवले गेले सत्तरच्या दशकात, मग त्यात ६० मिळवा. रेकॉर्डिंग केव्हाच मोकळं झालं, शब्द अजून नाहीत. तेव्हा "संतांचं आहे, फ्री आहे" म्हणण्याआधी खरंच संतांचं आहे का ते तरी बघा.

लग्नवाल्यांसाठी एक. वरातीत आणि लग्नाच्या समारंभात गाणी वाजवायला कायद्यात सूट आहे, खरंय. पण ती तिथे वाजवण्याची. त्या वरातीचा व्हिडिओ करून चॅनलवर टाकणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि कस्टमर फोन करून विचारतो "आमचा व्हिडिओ म्यूट का झाला" तेव्हा ही सूट दाखवून काही होत नाही.

आता तो "सर्च करून डाउनलोड करा" वाला मुद्दा. रॉयल्टी फ्री म्हणजे फुकट नाही आणि कॉपीराइट नसलेलंही नाही. त्याचा अर्थ इतकाच की एकदा लायसन्स घेतलं की मग वापरागणिक परत परत रॉयल्टी द्यायची नाही. एपिडेमिक साउंडसारख्या ठिकाणी तर महिन्याचे पैसे भरायचे असतात, आणि सबस्क्रिप्शन चालू असताना टाकलेले व्हिडिओ नंतरही सेफ राहतात, बंद केल्यावर टाकलेले नाही. बरं, नो कॉपीराइट साउंड्स या म्युझिक चॅनलचं नावच घ्या, एनसीएस, २०११ पासून आहे. नावात नो कॉपीराइट, पण गाण्यांना कॉपीराइट आहेच! तुमच्या यूट्यूब व्हिडिओत क्रेडिट देऊन वापरायची परवानगी आहे. एखाद्या ब्रँडची जाहिरात करताय तर वेगळं लायसन्स.

माझं सांगतो. हरिश्चंद्रगडाचा व्हिडिओ होता, कोकणकड्यावरून धुकं वर चढतंय असा ४० सेकंदांचा अखंड शॉट, खाली एक बासरी. एका साइटवरून घेतली होती, तिथे "फ्री फॉर यूट्यूब" असं ठळक लिहिलेलं. आठ महिन्यांनी क्लेम. शोधाशोध केली तर कळलं की त्याच वादकाने नंतर ती ट्यून एका डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे गाणी सगळीकडे पोचवणाऱ्या कंपनीला, दिली आणि त्याने ती कंटेंट आयडीत टाकली. मी साइटवर परत गेलो तर ते पानच नाही. डिस्प्यूट करायला गेलो, तिथे एक रिकामा बॉक्स असतो, तुमच्याकडे परवानगी कशी आहे ते लिहा म्हणून, आणि माझ्याकडे त्यात लिहायला "साइटवर लिहिलं होतं हो" यापलीकडे काही नव्हतं. ना स्क्रीनशॉट, ना तारीख, ना लिंक. शेवटी यूट्यूब स्टुडिओतून गाणं बदललं, आता तिथे कुठलासा पियानो आहे आणि तो शॉट बघताना अजून टोचतं.

तेव्हापासून प्रत्येक ट्यूनमागे एक फोल्डर: ऑडिओ फाइल, लायसन्सच्या पानाची पीडीएफ, डाउनलोडची तारीख. पिक्साबे ही फुकट ट्यून मिळणारी साइट तर लायसन्सचं सर्टिफिकेटच देते, ते घ्या, कारण तिथल्याही काही ट्यून कंटेंट आयडीत आहेत. डिस्प्यूट केल्यावर समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, आणि क्लेम आल्यापासून पाच दिवसांत डिस्प्यूट केला तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, हेही ग्रुपवर सारखं गोंधळतं. क्लेमने बहुतेक वेळा कमाई जाते किंवा व्हिडिओ ब्लॉक होतो, चॅनलला धोका नसतो. स्ट्राइक वेगळा, त्यात मालकाच्या कायदेशीर तक्रारीवरून व्हिडिओच काढला जातो, ९० दिवसांत तीन झाले की चॅनल जाऊ शकतं.

यूट्यूब स्टुडिओमधली ऑडिओ लायब्ररी लोक का वापरत नाहीत मला कळत नाही. सगळ्यात निवांत जागा तीच, तिथून घेतलेल्या गाण्यांवर कमाई करता येते, फक्त ज्या ट्यूनपुढे सीसीचं चिन्ह आहे तिथे क्रेडिट टाका.

पैसे येत नाहीत म्हणून चालतं, हे नाही चालत. मालक तुमच्या व्हिडिओवर जाहिरात लावून स्वतः कमवू शकतो.

इन्स्टाचं असं की तिथली लायब्ररी इन्स्टापुरती. रील डाउनलोड करून यूट्यूबवर टाकली की परवानगी मागे राहिली. यूट्यूब शॉर्ट्सची गाणीही शॉर्ट्सपुरती, लांब व्हिडिओला नाहीत. आणि शॉर्ट आता तीन मिनिटांचा होतो म्हणून खूश असाल, तर एक मिनिटाच्या वरच्या शॉर्टला कंटेंट आयडी क्लेम लागला की तो ब्लॉकच होतो.

एक कबूल करतो, सगळं बरोबर करूनही क्लेम येतो. २०१८ मध्ये जेम्स ऱ्होड्स या पियानोवादकाने घरी बसून स्वतः वाजवलेला बाख फेसबुकवर टाकला, बाख जाऊन अडीचशेच्या वर वर्षं झालेली, तरी सोनीच्या नावाने ४७ सेकंदांवर क्लेम आला. मशीनला दोन पियानो सारखेच वाटले.

हल्ली मी मामेभावाकडून ढोलकी वाजवून घेतो, मोबाईलवरच रेकॉर्ड करतो, पंखा बंद करून. पहिल्यांदा त्याच्याकडून लिहून घ्यायला गेलो तर हसायला लागला, "दादा, आता मला पण कागद?" मी म्हटलं, बाबा, कायद्यात लेखी लागतं, आणि मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि आपला व्हिडिओ तुझी ताई दुबईत बसून बघते. मग लिहिलं, कायमसाठी, जगभर, सही, तारीख. मोबदल्याच्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय: दोन मिसळ, एक्स्ट्रा पाव.