आत्या, मामांना सूर्याकडं बघायला लावू नको

"उगवत्या सूर्याकडं रोज 10 मिनिटं उघड्या डोळ्यांनी बघा, 21 दिवसांत माणसं ओळखू यायला लागतील, एमआरआयची गरज नाही." हा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय आणि काल आत्यानं तो फॅमिली ग्रुपवर टाकला, कारण मामांना अलीकडं ओळखीची माणसं ओळखू येईनात. खाली निम्म्या लोकांनी हात जोडलेत, बाकीचे आपापली कारणं सांगतायत. म्हणून लिहितोय.

सूर्याचंच आधी. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळं तो जळतोय हे त्या वेळी समजतच नाही, नंतर नजरेच्या बरोबर मधोमध डाग पडतो आणि तो कायमचा राहू शकतो. म्हणजे चेहरा बघायला जी नजर लागते तीच घालवायची! रंकाळ्यावर सकाळी फिरायला जा की, कोण नको म्हणतंय. आणि 21 दिवस वाट बघणं तर त्याहून घातक. अचानक ओळख गेली, अर्ध्या बाजूचं दिसेना, बोलणं अडखळलं तर तो स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटणं, असू शकतो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तिथं तुम्ही दिवस कसले मोजताय? हळूहळू होत असेल तर मेंदूच्या मागच्या भागाची झीज असू शकते, अल्झायमरचा एक प्रकार तिथनंच सुरू होतो. ते एमआरआयशिवाय कसं कळणार?

"डोळ्यांच्या नसा सुकतात." मोतीबिंदूनं चेहरे धूसर दिसतात, तेवढं मान्य, तेही तपासून घ्या. पण मामा 'पुढारी'तला बारीक टाईप वाचतात आणि समोर उभी असलेली सून मात्र आवाज दिल्यावरच ओळखतात, मग डोळ्यात काय बिघडलंय सांगा. चेहरे ओळखायचं काम मेंदूच्या खालच्या बाजूला, जास्त करून उजवीकडं चालतं. तिथं मार बसला की नाक, डोळे, मिशा सगळं दिसतं, फक्त माणूस कोण ते लागत नाही. बोडामर नावाच्या जर्मन डॉक्टरनं डोक्याला जखम झालेल्या अशा पेशंटांबद्दल 1947 सालीच लिहून ठेवलंय.

"भाव खातात, मुद्दाम ओळख देत नाहीत." हे वाचून डोकंच फिरलं. ऑलिव्हर सॅक्स स्वतः न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचेच डॉक्टर, त्यांना आयुष्यभर हाच त्रास, आरशातल्या स्वतःलाच दुसरा कुणी समजून सॉरी म्हणायचे. ते काय भाव खात होते?

मोबाईलमुळं होतं म्हणे. 1947 ला कुठला मोबाईल?

मामांची न्यूरोची अपॉइंटमेंट घेतलीय. तोवर घरी येणाऱ्या प्रत्येकानं पहिलं आपलं नाव सांगायचं, "ओळखा बघू मी कोण" एकदम बंद.