उंदराचं यकृत वाया कसं घालवावं

उंदराच्या यकृतातून जिवंत पेशी सुट्या करायच्या तर त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन पचवणारं एन्झाइम लागतं: कोलॅजिनेज. आणि कोलॅजिनेज म्हणजे कोलॅजिनेज. बाटलीवर नाव तेच आहे ना? मग लॉट नंबर बघत बसू नका. हे एन्झाइम एका जिवाणूपासून काढतात, सोबत प्रथिनं तोडणारी इतर एन्झाइम्स, म्हणजे प्रोटिएजही कमी-अधिक येतात आणि दर लॉटचा स्वभाव वेगळा असतो, असं जुनी मंडळी सांगतील. मागच्या लॉटला दहा मिनिटं लागली होती, याही लॉटला दहाच लावा. यकृताचा शिरा झाला तर उंदराच्या वयाला दोष देता येतो.

१९६९ साली बेरी आणि फ्रेंड यांनी रॅटच्या यकृतात कोलॅजिनेज सोडून पेशी सुट्या केल्या. पुढे सेग्लेननं त्याच्या दोन पायऱ्या पाडल्या: आधी कॅल्शियम नसलेला, ते पकडून ठेवणारं ईजीटीए घातलेला बफर, म्हणजे पेशींची आपसातली पकड सुटते, मग कॅल्शियमसकट कोलॅजिनेज, कारण कॅल्शियमवाचून ते एन्झाइम कामच करत नाही. तुमच्याकडे एवढा वेळ कुठला? ईजीटीए आणि कोलॅजिनेज एकाच बाटलीत ओता. ईजीटीए कॅल्शियम गिळून बसेल, कोलॅजिनेज हात बांधून उभं राहील आणि यकृत जसंच्या तसं हातात येईल.

वॉटर बाथवर ३७ दिसलं की निर्धास्त व्हा. बाथपासून उंदरापर्यंत हातभर नळी आहे आणि वाटेत बफर गार होतो, हे नळीनं बघून घ्यावं.

आता बुडबुडा. कॅथेटर शिरेत नीट बसलंय, पंप चालू आहे आणि नळीत मोहरीएवढा एक बुडबुडा हळूहळू पुढे सरकतोय. तुम्हाला तो दिसतो. पंप थांबवून काढता येईल, पण मग कॅथेटर हलेल, पुन्हा बसवावं लागेल. जाऊ दे, एवढ्याशा बुडबुड्यानं काय होतंय! मिनिटभरात सगळं यकृत फिकट पडतं आणि बुडबुड्यानं वाट अडवलेला एक लोब (यकृताचा भाग) मात्र लालबुंद राहतो. तो तसाच राहणार. तोही कापून त्याच डिशमध्ये टाका, वजन तेवढंच वाढतं.

यकृत पचलं की नाही हे बघायला कापसाची काडी हलकेच टेकवतात. खळगा पडून तसाच राहिला की थांबायचं. तुम्ही काडीऐवजी मोबाइल हातात घ्या. मग चिमट्यानं आवरण फाडून, हलकेच हलवून पेशी मिडियममध्ये सोडायच्या असतात, तेव्हा दुधात चहा पडल्यासारखा ढग पसरतो. हे दृश्य फार सुंदर असतं, पण तुम्हाला घाई आहे. बारीक टिपचं पिपेट घ्या आणि जोरात वर-खाली करा. वीस-तीस मायक्रॉनची ही गुबगुबीत पेशी फुटायला तेवढं पुरे.

सेंट्रिफ्यूज ५० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास पट जोरावर दोन-तीन मिनिटं फिरवतात, कारण जड यकृतपेशी तेवढ्यात खाली बसतात आणि कुप्फर पेशी (यकृतातल्या भक्षक पेशी), कचरा व बऱ्याचशा मेलेल्या पेशी वरच राहतात. एवढ्याशा वेगाची लाज वाटत असेल तर हजारावर फिरवा. गोळा असा भरघोस बसतो की फोटो काढावासा वाटतो. मेलेल्या पेशींना निळं करणारा ट्रिपॅन ब्लू घालून मोजताना निळ्या पेशींची गर्दी असलेला चौकोन सोडून शेजारचा घ्या. ८५ टक्के जिवंत! वहीत लगेच लिहा, नंतर लक्षात राहत नाही.

प्लेटला कोलॅजनचा लेप न देता पेशी पेरा. चार तासांनी मायक्रोस्कोपखाली बघाल तर सगळ्या तरंगत असतील. आनंदी दिसतात. चुकून काही चिकटल्याच, त्यांच्या कडा उजळ झाल्या, दोन-दोन केंद्रकं दिसू लागली, तर घाबरू नका, इलाज आहे: आठवडाभर सुट्टीवर जा. प्लेटमध्ये त्यांची संख्या फारशी वाढत नाही. शिवाय साध्या प्लेटवर एक-दोन दिवसांतच औषधं मोडणारं सायटोक्रोम पी४५० झपाट्यानं घटू लागतं आणि पेशी पसरून आपण यकृतातल्या आहोत हेच विसरतात. आल्यावर त्यांच्यावर औषधाच्या चयापचयाचा प्रयोग लावा. औषध जसंच्या तसं उरलं तर 'औषध अत्यंत स्थिर आहे' असा निष्कर्ष निघतो.

पेपरात एकच ओळ लिहायची: 'यकृतपेशी पूर्वप्रकाशित पद्धतीने वेगळ्या केल्या.' खाली एन, म्हणजे वापरलेल्या उंदरांची संख्या, बरोबर ३. पिंजऱ्यांवरची कार्डं मोजली तर अकरा भरतील, पण पेपर तपासणारा काही उंदीरघरात येत नाही.