विहित नमुन्यातली भूक

ठाण्यात उपाशी राहायचं तर शिस्तीत राहावं. वाट्टेल तेव्हा, वाट्टेल तशी भूक लागू दिलीत तर तिची नोंद कोण घेणार? तुम्ही किसननगरच्या चाळीत राहा, मुंब्र्याच्या डोंगराला चिकटून राहा, नाहीतर दिवा उपनगरात लिफ्ट नसलेल्या सातव्या मजल्यावर राहा, वाट एकच आहे आणि ती शिधावाटप कार्यालयात जाते. चुकून महापालिकेत जाऊ नका. महापालिका भिंती रंगवते, उड्डाणपुलांखाली दिवे लावते. पोटाचं खातं तिच्याकडे नाही. ठाण्याचं रेशन राज्य सरकारच्या मुंबई-ठाणे शिधावाटप यंत्रणेत, ‘फ’ परिमंडळात येतं. फ कशाचा ते विचारू नका. फेऱ्यांचा असावा.

इंग्लंडात म्हणे स्थानिक नगरपरिषदा 2021 साली आलेल्या हाउसहोल्ड सपोर्ट फंडाच्या पैशातून गरजू घरांना सुपरमार्केटची व्हाउचरं देऊ लागल्या. व्हाउचर घ्यायचं, दुकानात जायचं, घरात नसेल ते उचलायचं. आपल्याकडे ई-रुपी नावाचं मोबाइलवरचं व्हाउचर 2021 च्या ऑगस्टातच आलंय, म्हणजे तंत्र अडत नाही. अडतं दुसरीकडे. उद्या लोकमान्य नगरातली एखादी बाई कुपन घेऊन वाण्याकडे गेली आणि तिने तूरडाळ मागितली तर? अंडी मागितली तर? पोराच्या हट्टापायी बिस्किटाचा पुडा घेतला तर? त्यापेक्षा तुमच्यासाठी गहू आणि तांदूळ पसंत करून ठेवलेत, ते बरं. माणशी महिन्याला 5 किलो, म्हणजे दिवसाला साधारण 166 ग्रॅम. 2023 पासून तेही फुकट. कशाशी खायचं हे मात्र तुमचं तुम्ही बघायचं आहे. सगळंच सरकारने बघायचं का?

असो, आधी पात्र व्हा. 2014 साली महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायदा लागू झाला तेव्हा शहरातल्या ‘प्राधान्य कुटुंबा’साठी, म्हणजे हे धान्य मिळणाऱ्या घरासाठी, वर्षाला 59,000 रुपये उत्पन्नाची मर्यादा ठरली. एका माणसाची नव्हे, अख्ख्या कुटुंबाची. आता पेन घ्या. घरात महिन्याला 4,916 रुपये येत असतील तर वर्षाचे होतात 58,992, तुम्ही गरीब. 4,917 आले तर 59,004 होतात आणि तुम्ही खात्यापित्या घरचे. तेव्हा धाकटा मुलगा सुट्टीत कुरिअरच्या पिशव्या उचलायला जातो म्हणाला, तर त्याला तिथेच थोपवा. एवढ्या पैशांत ठाण्यात खोलीचं भाडं कसं भरायचं, असा एक बाष्कळ प्रश्न काही लोक विचारतात. भाडं भरता येतंय म्हणजे तुम्ही गरीब नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

पिवळ्या, म्हणजे सगळ्यात गरिबांच्या, कार्डाची हौस असेल तर आणखी जपावं लागेल. 1 मे 1999 पासून आपल्याकडे शिधापत्रिका तीन रंगांच्या आहेत, पिवळी, केशरी आणि पांढरी. पिवळीसाठी वर्षाची मर्यादा 15,000 रुपये, आणि अटींमध्ये एक अट अशी की घरी दूरध्वनी नसावा. ती तेव्हाच्या तारेच्या फोनबद्दल होती हे मान्य. पण आज त्याच कार्डावर नाव टिकवायचं तर ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करावं लागतं आणि ते घरबसल्या करायचं तर मोबाइलमध्ये अॅप हवं, आधारला जोडलेला नंबर हवा, आणि कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला पुरेशी बॅटरीही हवी. म्हणजे फोन नसण्याइतके गरीब राहा आणि चांगला फोन असण्याइतके हुशार व्हा. जमेल, प्रयत्न सोडू नका.

कागद सगळे नीट झाले की तुम्हाला एक शब्द ऐकू येईल, इष्टांक. “इष्टांक भरलाय, मावशी.” म्हणजे या भागात किती माणसांना भूक लागायची हे आधीच ठरलं असून तेवढी माणसं लागून गेली आहेत. हा हिशोब 2011 च्या जनगणनेवर बेतलेला आहे. महाराष्ट्रातल्या शहरी लोकसंख्येपैकी 45.34 टक्के लोकांना या कायद्याखाली धान्य, असं ठरलं. त्या वर्षी ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाखांच्या आसपास होती, नवी मुंबईची 11 लाखांच्या. त्यानंतर घोडबंदरला टॉवर झाले, टॉवर बांधणारे आले, टॉवरात भांडी घासणाऱ्या आल्या, दिवा फुगला. पुढची जनगणना 2021 ला व्हायची होती, ती लांबली. ज्यांना 2011 नंतर भूक लागायला लागली त्यांनी कुणाचं तरी नाव कमी होण्याची वाट बघावी. शेजारच्या आजोबांची तब्येत कशी आहे, अशी चौकशी मधूनमधून करायला हरकत नाही. ती माणुसकीही दिसते.

कार्ड झालं, नाव चढलं, दुकानात माल आला, आणि तुम्ही पिशवी घेऊन रांगेत उभे आहात. आता खरी परीक्षा अंगठ्याची. ई-पॉस मशीनवर तो ठेवायचा आणि मशीनने तुम्हाला ओळखायचं. पण अंगठा म्हणजे काही दागिना नव्हे की डबीत ठेवून द्यावा. पाच घरची भांडी घासणाऱ्या बाईच्या रेषा साबणाच्या पाण्यात निघून जातात, वागळे इस्टेटमध्ये ग्राइंडरवर उभा राहणाऱ्याच्या कामात निघून जातात. मशीनला गुळगुळीत अंगठा आवडत नाही. “पुसून ठेवा.” “जोरात दाबा.” “दुसरं बोट द्या.” मग दहाही बोटं होतात. दुकानदार प्रेमळ असेल तर सांगतो, उद्या या, नेट तरी येईल. उद्या आलात की तिसऱ्या घरचं काम बुडतं, त्याचा खाडा धरला जातो, आणि तुमचं उत्पन्न आपोआप मर्यादेच्या आत राहतं. योजना एकमेकींना कशा पूरक असतात बघा.

म्हणून माझा सल्ला असा की रेशन हवं असेल तर काम करू नका. निदान हातांनी करू नका. घोडबंदरच्या टॉवरमधल्या मॅडमच्या बोटांच्या रेषा कशा ठसठशीत असतात! मशीन पहिल्या झटक्यात ओळखेल. दुर्दैवाने त्यांना रेशन लागत नाही.

पोरांचंही लक्षात ठेवा. आधारवरचे ठसे मुलगा पाच वर्षांचा झाला की आणि पुन्हा पंधराचा झाला की नव्याने द्यायचे असतात. पंधराव्या वर्षी पोराला भूक सगळ्यात जास्त लागते, नेमक्या त्याच वेळी ठसा जुना झाला तर कार्डावरचं त्याचं नाव लटकतं. वाढदिवसाला केक कापण्याआधी आधार केंद्रावर जाऊन यावं.

आणि एवढं करूनही धान्य मिळालं नाही तर? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमात लिहिलंय की हक्काचं धान्य दिलं गेलं नाही तर अन्नसुरक्षा भत्ता द्यावा. हे वाक्य दुकानात जरा मोठ्याने म्हणून बघा. दुकानदार तुम्हाला बसायला स्टूल देईल आणि पाणी मागवेल, ऊन लागलंय असं समजून. 1967 या हेल्पलाइनवर फोनही करता येतो, म्हणजे ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना.

नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर वस्तीच्या वाचकांनी मात्र तक्रारीचा सूर लावू नये. जवळच बाजार समितीचं, म्हणजे एपीएमसीचं, धान्य मार्केट आहे, गव्हा-तांदळाने भरलेले ट्रक डोळ्यांदेखत जातात. ट्रक बघायला केवायसी लागत नाही.

भूक वेळेवर लागण्यालाही महत्त्व आहे. शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात, खरोखर चांगली गोष्ट. फक्त ती दुपारची आहे, आणि जेवणाऱ्याचा फोटो अॅपवर जातो. तेव्हा केस विंचरून जा. रात्री आतडी ओढली तर ती तुमची खाजगी बाब. डाळ, तेल, रवा, साखर यांची इच्छा सणापुरती ठेवावी, असंही एक धोरण होतं. 2022 च्या दिवाळीला शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ मिळाला, पिशवीवर नेत्यांचे हसरे फोटो होते. पुढे गुढीपाडवा, गणपती असं चालू राहिलं. 2025 च्या गणपतीत आणि दिवाळीत तो आला नाही. आनंद संपला की निधी, एवढंच बघायचं.

सणांहून भरवशाचा मुहूर्त म्हणजे निवडणूक. किराण्याचं खरं स्थानिक वाटप महापालिकेच्या नव्हे, नगरसेवक होऊ घातलेल्यांच्या हातून होतं. रवा, साखर, तेलाची पिशवी, उटणं, वर कॅलेंडर. उत्पन्नाचा दाखला नको, अंगठा नको, इष्टांक नाही, उलट एक पिशवी जास्त देतात. नवी मुंबईत 2020 पासून आणि ठाण्यात 2022 पासून निवडणूक न होता प्रशासकच बसला होता, तो काळ भुकेल्यांना फार वाईट गेला. शेवटी 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं आणि त्याआधीची दिवाळी त्या मानाने भरल्या पोटाची गेली. आता पुढची खेप 2031 च्या तोंडाशी. तुमची भूक आचारसंहिता लागायच्या आधी उरकेल असं बघा, कारण नंतर पिशव्या रात्रीच्या येतात आणि उठून दार उघडावं लागतं. पिशवी घेताना दोन्ही हातांनी घ्या, भाऊंच्या चेहऱ्यावर सावली पडू देऊ नका, आणि फोटोवाला “ताई, जरा डावीकडे” म्हणाला की सरका, मागचा बॅनर झाकला जातोय.